मोडलेल्या शपथेचं काय करायचं?

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३३ ते ४५

 

सहावा अध्याय आपण क्रमाने वाचत आलो. आसन कसं असावं, आहार किती असावा, झोप किती असावी, मन भरकटलं की त्याला परत कसं आणावं, हे सगळं भगवंतांनी सांगून झालं. आज त्याच्या पुढचा भाग. इथे अर्जुन मधेच थांबवतो आणि म्हणतो, देवा, तुम्ही सांगता ते पटतं, पण हे मन माझ्या ताब्यात राहत नाही. वाऱ्याला मुठीत धरावं तसं हे अवघड आहे.

आता भगवंत काय उत्तर देतात ते नीट बघा. ते रागावत नाहीत. "एवढा मोठा योद्धा आणि मन आवरत नाही?" असं म्हणत नाहीत. आधी कबूल करतात, की होय, यात शंका नाही, मन चंचल आहे आणि आवरायला कठीण आहे. मग उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. पडलं तरी उठून पुन्हा करणं.

तरी अर्जुनाचं समाधान होत नाही. तो आणखी खोल जाऊन विचारतो, ज्याची श्रद्धा होती, ज्याने सुरुवात केली होती, पण जो मधेच ढळला, त्याचं काय होतं? फाटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून वाया जातो का?

सज्जनहो, हा प्रश्न मी स्वतःला चार वर्षं विचारत होतो. फक्त गीतेतून नाही. दारूच्या गुत्त्यातून घरी येताना.

आज मी तुम्हाला माझीच गोष्ट सांगणार आहे. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. नाव लिहीत नाही, आमच्या गटाचा तो नियम आहे, आणि तो का आहे तेही पुढे येईल.

पोहरादेवी आमच्या तांड्यापासून जवळ. वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातलं हे गाव बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखलं जातं. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे, जगदंबा मातेचं मंदिर इथे, आणि रामनवमीला महाराष्ट्रातूनच नाही तर तेलंगणा, आंध्र, कर्नाटकातून माणसं इथे येतात. व्यसनापासून दूर राहा हा सेवाभायाचा उपदेश आमच्या याडीने मला बोलायला शिकवलं तेव्हापासून सांगितला. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून पीत होतो.

एका रामनवमीला मी समाधीवर हात ठेवून शपथ घेतली. याडी, घरची, दोन्ही लेकरं सोबत होती. याडी रडली. मला मनापासून वाटलं, सुटलो. ती शपथ उन्हाळा संपायच्या आत मोडली. पुढच्या वर्षी पुन्हा घेतली, ती पंधरा दिवस टिकली. तिसरी घेतली तेव्हा याडी सोबत आली नाही. म्हणाली, "तू जा."

तिसरी मोडल्यावर मी पोहरादेवीला जाणंच बंद केलं. दिग्रसला जायचं असलं तर वाट वाकडी करून जायचो, म्हणजे मंदिराचा कळस दिसायला नको. देवाला तोंड कसं दाखवायचं? आणि देवाकडे जाता येत नाही हे दुःख विसरायला पुन्हा तीच बाटली. हे चक्र ज्याला ठाऊक आहे त्याला जास्त सांगायची गरज नाही. ज्याला ठाऊक नाही त्याने एवढंच ध्यानात घ्यावं, की पिणाऱ्याला लाज नसते असं लोक म्हणतात ते खरं नाही. लाज इतकी असते की ती सहन होत नाही.

त्यात आपल्या समाजाला आधीच नावं ठेवतात. तांड्यावर सगळेच पितात, असं बाहेरचा माणूस सहज बोलून जातो. म्हणून आपण आपलं दुखणं झाकतो. झाकलेलं दुखणं चिघळतं.

मग एकदा पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले, दवाखान्यात भरती केलं. तिथल्या डॉक्टरांनी घरी सोडताना औषधं लिहिली आणि शेवटी म्हणाले, "दारू तर आता इथे दहा दिवसांत उतरली. पण घरी गेल्यावर तुम्हाला माणसं लागतील. ए.ए.च्या मीटिंगला जा." मी मान हलवली. मीटिंग म्हटल्यावर मला ग्रामपंचायतीची मीटिंग आठवली.

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांचा गट. अ‍ॅनॉनिमस म्हणजे अनामिक. कोण आलं, काय बोललं, हे बाहेर न्यायचं नाही.

दोन महिने मी काहीच केलं नाही. नंतर एका संध्याकाळी वावरात कपाशीच्या धुऱ्यावर बसून घरच्या माणसाने शोधून दिलेल्या नंबरवर फोन लावला. म्हटलं, "माझ्या एका मित्रासाठी विचारतो." पलीकडचा माणूस हसला. म्हणाला, "बरं, मित्राले घेऊन या. अन् तुमी बी या." त्याने माझं नाव विचारलं नाही. गाव विचारलं, आणि सांगितलं की तुमच्यापासून जवळचा गट अमुक गावी, रविवारी संध्याकाळी बसतो. पैसे लागत नाहीत, फॉर्म भरायचा नाही, दारू सोडायची इच्छा असली की झालं.

पहिल्या रविवारी गेलो आणि समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या रविवारी पुन्हा तीच टपरी. तिथे एक वयस्कर माणूस शेजारी येऊन उभा राहिला. "काहून बाहेर उभा हायेस भाऊ? मागच्या रविवारी बी इथंच होता. चाल न अंदर." त्याने मला ओळखलं कसं? नंतर कळलं, तोही पहिल्यांदा दोन आठवडे त्याच टपरीवर उभा होता.

आत शाळेच्या वर्गासारखी एक खोली. दहा-बारा खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर लावलेले दोन तक्ते. एकावर बारा पायऱ्या, दुसऱ्यावर बारा परंपरा. सुरुवातीला एक छोटी प्रार्थना झाली, शांती, धैर्य आणि विवेक मागणारी. त्यात कुठल्याही एका धर्माच्या देवाचं नाव नव्हतं. मग एकेक जण बोलायला लागला. आधी आपलं नाव, मग "मी दारुडा आहे" हे स्वतःच्या तोंडाने, मग स्वतःची गोष्ट. कुणी कुणाला मधे तोडत नव्हतं, कुणी सल्ला देत नव्हतं. एक ट्रकचालक होता, एक मास्तर, एक कोर्टात काम करणारा, एक माझ्यासारखाच शेतकरी. जात कुणी विचारली नाही. शेवटी एक पिशवी फिरली, ज्याला जमेल त्याने पाच-दहा रुपये टाकायचे, त्यातून खोलीचं भाडं आणि चहा. बाहेरच्या कुणाची देणगी हे लोक घेत नाहीत.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मला बोलायचं नाही." "नको बोलू, बस," एवढंच उत्तर मिळालं.

तिथे ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं. पण टपरीवरच्या त्या भाऊंनी परवानगी दिली म्हणून त्यांचं एक वाक्य लिहितो. मी घरी निघताना त्यांना पोहरादेवीच्या तीन शपथा सांगितल्या. म्हटलं, मी देवाशी खोटं बोललो. ते म्हणाले, "तुही शपथ खोटी नोयती भाऊ. एकटी होती."

त्या रात्री मी गीतेचा सहावा अध्याय काढला. शाळेत असताना आमच्या गुरुजींनी पाठ करून घेतला होता, पण अर्थ त्या रात्री कळला. अर्जुन काय करतो? तो रथात एकटा बसून मनाशी झगडत नाही. जो ऐकतो आहे त्याच्यासमोर तोंड उघडून सांगतो की मला जमत नाही. अध्यायातला सगळा दिलासा त्या कबुलीनंतर येतो. कबुलीच दिली नसती तर उत्तर कुणाला मिळालं असतं?

आणि ढळलेल्याचं काय, या प्रश्नावर भगवंत अर्जुनाला "तात" म्हणतात. बाप लेकराला बोलावतो तशी ती हाक आहे. सांगतात की चांगलं करू पाहणाऱ्याचा नाश इथेही होत नाही आणि परलोकातही होत नाही. केलेला अभ्यास वाया जात नाही. तो जिथे थांबला होता तिथून पुन्हा धागा हाती घेतो आणि पुढे जातो. गीतेत हे पुढच्या जन्माबद्दल आहे, मला ठाऊक आहे. पण दारू सोडणाऱ्या माणसाला दर सकाळी पुढचाच जन्म असतो.

ए.ए. ज्या दोघांपासून सुरू झालं त्यांची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९३५ सालचा मे महिना, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन नावाचं शहर. बिल नावाचा एक शेअर दलाल कामासाठी तिथे आला होता. पाच-सहा महिन्यांपासून दारू बंद होती. धंद्याचं काम फिसकटलं, खिशात पैसे नाहीत, आणि हॉटेलातल्या बारमधून हसण्या-बोलण्याचे आवाज येत होते. त्याला कळलं, आता आपण पिणार. त्याने काय करावं? त्याच हॉटेलातून तो शहरातल्या चर्चना फोन करत सुटला, की मला एखादा दारुडा माणूस भेटवून द्या, मला त्याच्याशी बोलायचं आहे. त्यातून बॉब नावाच्या एका सर्जन डॉक्टरांची भेट ठरली. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही. बसले ते कित्येक तास. कारण समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःची फजिती सांगत होता.

पण ऐका. त्या भेटीनंतरही डॉक्टर बॉब एका परिषदेला गेले आणि तिथे पुन्हा प्याले. परत आल्यावर बिलने त्यांना दाराबाहेर काढलं नाही. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस १० जून १९३५, आणि हाच दिवस आज ए.ए.चा स्थापना दिन मानतात. म्हणजे जगभर पसरलेल्या या कामाचा पाया एका मोडलेल्या शपथेच्या दुसऱ्या बाजूला आहे. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे.

मीही पडलो. सात आठवडे मीटिंगला गेल्यावर एका लग्नात. दोन दिवस पीत होतो. तिसऱ्या दिवशी रविवार आला. पूर्वीसारखी लाज वाटली, वाट वाकडी करावीशी वाटली. पण टपरीवरच्या भाऊंचा फोन आला, "आज येतोस न?" मी गेलो. खोलीत सांगितलं, मी प्यालो. कुणी चकित झालं नाही. एकाने खुर्ची सरकवून दिली. तोवर माझी समजूत होती की पडलेल्याला दार बंद असतं. त्या खुर्चीने ती समजूत मोडली.

त्यानंतर आजपर्यंत नाही. चार वर्षं झाली. पण आमच्यात हिशेब आजच्याच दिवसाचा ठेवतात. जन्मभर सोडली असं म्हणायचं नाही, आज घेणार नाही एवढंच म्हणायचं. मागच्या रामनवमीला याडीला घेऊन पोहरादेवीला गेलो. समाधीवर डोकं ठेवलं. यावेळी शपथ घेतली नाही. "आजचा दिवस सांभाळ," इतकंच म्हणालो. याडीने विचारलं नाही काय मागितलं म्हणून.

काही जण मला विचारतात, "मग देव पुरेसा नाही का? मंदिर असताना गटाची काय गरज?" मी म्हणतो, वारीला विठ्ठलासाठीच जातात ना, पण दिंडीतून जातात. देव पुरेसाच आहे. त्याच्याकडे जाणारी वाट लांब आहे आणि आपण एकटे चाललो की आडरानात शिरतो. ए.ए.च्या पायऱ्यांमध्येही आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीवर भार टाकायला सांगितलं आहे, ती शक्ती कुठली हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी सेवाभायाचं नाव घेतो. माझ्या शेजारचा अल्लाचं घेतो. एक जण कुठलंच घेत नाही, तो म्हणतो माझा देव म्हणजे ही खोली. त्याची दारू माझ्याआधी सुटली आहे.

आता ज्याला खरंच जायचं आहे, किंवा ज्याच्या घरात असं कुणी आहे, त्याच्यासाठी काही गोष्टी साध्या भाषेत.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची. जो सकाळी उठल्यापासून रोज घेतो, त्याने शपथ घेऊन एकाएकी बंद करू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणं, घाम, झोप उडणं इथपासून फिट येणं, भास होणं इथपर्यंत जाऊ शकतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा, वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराबद्दल विचारा. शपथ देवापुढे घ्या, पण दवाखान्यात जाऊन.

दुसरी. गट कसा शोधायचा? ए.ए.चं भारताचं कार्यालय मुंबईत आहे आणि इंटरनेटवर त्यांचे नंबर मिळतात. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलीमानस १४४१६ आहे, दोन्हीला पैसे लागत नाहीत. फोनवर चारच गोष्टी विचारा : वार कोणता, वेळ काय, जागा कुठे, आणि मीटिंग खुली आहे की फक्त पिणाऱ्यांसाठी. खुल्या मीटिंगला घरचं माणूसही बसू शकतं. परतीची एस.टी. चुकत असेल तर तेही सांगा, कुणीतरी मोटरसायकलवर सोडतं. मला सोडत होते.

तिसरी. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही. एका मीटिंगवरून ठरवू नका. पाच-सहा वेळा जा, मग ठरवा. निघताना एकाचा तरी फोन नंबर घ्या. आपल्याकडे रोज मीटिंग नसते, मधल्या सहा दिवसांत तो नंबरच मीटिंग असतो.

चौथी. जवळपास गटच नसेल तर? ऑनलाइन मीटिंग असतात. आणि दारू सोडण्यासाठी दोघं-तिघं एकत्र बसले तरी त्याला गट म्हणता येतो, अशी ए.ए.ची रीत आहे. अ‍ॅक्रनमध्ये तरी किती जण होते?

पाचवी, घरच्यांसाठी. "पेशंटच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातींच्या मागे जाऊ नका. जेवणात गुपचूप औषध मिसळणं धोक्याचं आहे. दारू सोडवण्याचं एक औषध असं आहे की त्यावर दारू पोटात गेली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ते डॉक्टरांनी, माणसाला सांगूनच द्यायचं असतं. मारझोड करणाऱ्या केंद्रातही कुणाला टाकू नका. आणि तुमची स्वतःची काळजी घ्या. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात, बिलच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये ते काम उभं केलं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रातही पत्नींसाठी सहचरी गट आहे. माझी घरची म्हणते, "तुमची दारू सुटली, पण माझी भीती सुटायला दोन वर्षं लागली." तिचंही ऐकणारं कुणी हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आजच्या आचरणासाठी : तुम्ही पीत असाल तर आज एकच फोन करा. मित्रासाठी म्हणून केला तरी चालेल. तुम्ही पीत नसाल तर तुमच्या ओळखीतला जो माणूस शपथ मोडल्यापासून मंदिरात दिसत नाही, त्याला आज भेटून या. दारूचा विषय काढू नका. "काहून दिसत नाहीस भाऊ?" एवढंच विचारा.

आजची प्रार्थना : हे भगवंता, मन आवरत नाही हे तुला माहीत आहे, आणि तू ते नाकारलं नाहीस. मी जिथे सुटलो होतो तिथून मला पुन्हा धरू दे. मला माझ्यासारखी माणसं भेटव, आणि मी कुणाला तरी भेटावा असं कर. आजचा दिवस सांभाळ. उद्याचं उद्या मागेन.

उद्याचे वाचन : अध्याय ६, श्लोक ४६ आणि ४७.

जय सेवालाल.